तिसरी लाट

शहराच्या मानचिन्हावर एक बगळा आहे, आणि त्या बगळ्याच्या जिवावर नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममधल्या एका माणसाने बावीस वर्षं मिरवून घेतलं. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे तो बगळेबुवा. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्याला राग आला होता. पुढे त्याने त्यातही काहीतरी अर्थ शोधला. अर्थ शोधणं हा त्याचा नादच होता. घरात नळ गळला तरी हा माणूस प्लंबरला बोलवायच्या आधी त्यातून काहीतरी निष्कर्ष काढायचा, आणि प्लंबरला बायको बोलवायची.

मानचिन्ह तसं साधंच. ढालीसारखी चौकट, मधोमध बगळा, त्याच्या चोचीत किल्ली आणि पायाखाली तीन लाटा. पाण्याच्या टँकरवर, कचऱ्याच्या गाड्यांवर, बागेतल्या बाकांवर ते असायचं आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे. बुवाने मात्र त्यावर बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली. बगळा म्हणजे एकाग्रता. किल्ली म्हणजे परक्यासाठीही उघडं असलेलं दार. पहिली लाट श्रमाची, दुसरी विश्वासाची. आणि तिसरी? ती सगळ्यात खालची, बारीक, जराशी तिरकी. ती ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही त्यांची. हमाल, गटारं साफ करणारे, पहाटे रस्ते झाडणाऱ्या बायका. "आपल्या पूर्वजांनी," बुवा म्हणायचा, "या माणसांना सर्वांत खाली ठेवलं, कारण बाकीचं सगळं त्यांच्यावर तरंगतं!"

या वाक्याआधी तो चष्मा काढायचा. आरशासमोर उभं राहून बसवलेली गोष्ट होती ती. शाळेची सहल असो, नवीन भरती झालेले कर्मचारी असोत, बाहेरून आलेले पाहुणे असोत, तिसरी लाट आली की चष्मा उतरलाच. बायको भाषणाला जात नसे, घरी आल्यावर फक्त विचारायची, "चष्मा काढलात?" तो हो म्हणाला की म्हणायची, "मग चांगलं झालं असणार."

सफाई खात्यातल्या बायकांनी ते पान फ्रेम करून आपल्या हजेरीच्या खोलीत लावलं होतं. बुवा कधी तिकडून गेला की मुद्दाम सावकाश चालायचा.

त्याचे वडील प्रत्येक भाषणाला यायचे. एक्याऐंशी वर्षांचे झाले होते, तरी यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे, आणि तिसरी लाट आली की मान खाली घालून नखं चोळत राहायचे. बुवाला वाटायचं, बाबांना भरून येतं. बाबा पालिकेच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते. चौतीस वर्षं त्यांनी हाच बगळा पत्र्यावर, लाकडावर, सिमेंटवर रंगवला होता. पण भाषणात त्यांचा उल्लेख करायची वेळ आली की बुवा एवढंच म्हणायचा, "माझे वडीलही पालिकेतच होते," आणि पुढे जायचा. ऐकणारे समजायचे की कुणी मोठे अधिकारी असतील. बुवा त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. नाव नसलेल्या माणसांवर गळा काढणारा हा गृहस्थ स्वतःच्या बापाचं काम सांगायला लाजत होता, आणि हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. बत्तीस पानं लिहिणाऱ्याला स्वतःचं एवढं एक पान वाचता आलं नाही, घ्या!

तर पालिकेची नवी इमारत झाली. दरवाजावर दगडात मानचिन्ह बसवायचं ठरलं आणि अर्थात नमुना प्रमाणित करायचं काम बुवाकडे आलं. मुख्याधिकारी म्हणाले, "तुमच्याइतकं यातलं कळतंय कुणाला? शुक्रवारपर्यंत सही करून चित्र द्या. दगड आहे, खोडरबर चालणार नाही." शिवाय उद्घाटनाला भाषणही बुवाचंच. बुवा त्या दिवशी घरी गेला तो जमिनीपासून वीतभर वरूनच.

मंगळवारी पाथरवट आला. शिल्पकार म्हटलं की चिडणारा, हाताला कायम दगडाची भुकटी लागलेला जाडजूड माणूस. बुवाने त्याला बसवलं, चहा मागवला, आणि तिसऱ्या लाटेपर्यंत आला. चष्म्याकडे हात गेलाच होता, तेवढ्यात पाथरवट म्हणाला, "ही खालची लाट वेगळ्या हाताची आहे."

"म्हणजे?"

"वरच्या दोन एकाच माणसाच्या. पाच उंचवटे, सारख्या मापाचे. हिला सात आहेत आणि ती डावीकडे उतरते. ज्याने पहिल्या दोन काढल्या त्याचा हात असा घसरणार नाही."

"ती मुद्दाम तिरकी आहे," बुवा म्हणाला. "त्यामागे विचार आहे."

"असेल. पण मला मूळ चित्र बघू द्या. मी विचार नाही कोरत, रेघ कोरतो."

आता मूळ चित्र कुठे आहे, हे बुवाला ठाऊक नव्हतं. रेकॉर्ड रूम त्याच्या ताब्यात, किल्ल्या त्याच्या खिशात, आणि ज्या चित्रावर पुस्तिका लिहिली ते चित्रच या पंडिताने कधी पाहिलं नव्हतं! त्याने अभ्यास केला होता तो टँकरवरच्या चित्राचा. पाथरवटाला "काढून ठेवतो" असं सांगून त्याने त्याला वाटेला लावलं आणि कपाटं उपसायला घेतली.

मंगळवार गेला, बुधवारची दुपार झाली. शेवटी दमून तो आपल्या खुर्चीत बसला आणि सवयीने टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीवर पाय ठेवले. पेटीवर लिहिलं होतं, "गटारांचे जुने नकाशे". बावीस वर्षं तो तिच्यावर पाय ठेवून बसत होता. पुस्तिकेचं पान न् पान त्याने याच पेटीवर पाय ठेवून लिहिलं होतं. त्याने पाय काढले. पेटीकडे पाहिलं. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा पायाखाली होता.

गटारांच्या नकाशांच्या खाली, कापडात गुंडाळलेला तो कागद निघाला. नव्वद वर्षांपूर्वीचा. बगळा होता. किल्ली होती. लाटा दोन.

बुवाने पुन्हा मोजल्या. दोन मोजायला कितीसा वेळ लागतो? त्याला बराच लागला.

कागदाच्या कडेला त्या वेळच्या कुणा अधिकाऱ्याने बारीक अक्षरात टिपणं केली होती. "बगळा घ्यावा. काढायला सोपा." त्याखाली, "चोच रिकामी वाटते, किल्ली द्यावी." आणि शेवटी, "लाटा दोन पुरेत. जास्त नकोत, गर्दी होते."

झालं. एवढंच चिंतन. एकाग्रता नाही, उघडं दार नाही, श्रम नाही, विश्वास नाही. पूर्वजांना जेवायच्या सुट्टीआधी काम उरकायचं होतं. बुवाला आधी हसू आलं, मग घाम फुटला. कागद जसाच्या तसा पेटीत ठेवावा, वर गटारांचे नकाशे टाकावेत आणि पाय ठेवून बसावं, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि चांगला अर्धा तास मुक्काम करून होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन लाटांचं चित्र काढायचं, सही ठोकायची, कोण विचारतंय? पाथरवट? त्याला म्हणायचं, चित्र सापडलं नाही.

पण तिसरी लाट आली कुठून, हा किडा काही डोक्यातून जाईना. हा कागद आणि टँकर यांच्या मध्ये कुणीतरी होतं. आणि टँकर कोण रंगवत होतं, ते सांगायला रेकॉर्ड रूमची गरज नव्हती.

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. बुवा समोर जाऊन बसला.

"बाबा, मानचिन्हाचा पत्र्याचा साचा पहिल्यांदा कुणी कापला?"

बाबांनी पेपर हळूहळू चार घड्या करून बाजूला ठेवला. "मी."

"लाटा किती कापल्या होत्या?"

"दोन," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "बावीस वर्षं वाट बघतोय, हे कधी विचारशील म्हणून."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"नोकरीला लागून चारच दिवस झाले होते," बाबा म्हणाले. "तोवर चिन्ह फक्त शिक्क्यावर होतं, आणि शिक्का इतका झिजलेला की बगळा आहे का बादली ते कळत नव्हतं. नव्या बारा गाड्या आल्या होत्या, सफाईच्या. त्यावर काढायचं होतं. साचा पत्र्यावर धरायचा, वरून ब्रश फिरवायचा, खाली चित्र उमटतं. सोपं काम. पण डब्यात रंग तळाला गेला होता, म्हणून मी त्यात टर्पेंटाइन ओतलं. जास्त झालं. पातळ रंग साच्याच्या खालच्या कडेने आत शिरला आणि ओघळ आला, आडवा, हा एवढा. आणि साहेब जिन्यावरून खाली येताना दिसले."

"मग?"

"मग काय, ब्रश घेतला आणि त्या ओघळाला लाटेचं रूप दिलं. हात कापत होता, म्हणून ती तिरकी आली. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, छान, तीन लाटा. आता साहेबांना आवडल्यावर दोन कशा करायच्या? उरलेल्या अकरा गाड्यांवर तसंच काढावं लागलं. मग साच्यातच तिसरी लाट कापून घेतली. पुढे सगळे गाड्यांवर बघूनच छापायला लागले."

बुवा डोकं धरून बसला. "म्हणजे मी बावीस वर्षं ज्याच्यावर भाषणं ठोकतोय, तो ओघळ आहे!"

"ओघळच."

"अहो, मग मी पुस्तिका लिहिली तेव्हा का नाही सांगितलंत? मला मूर्ख बनू दिलंत?"

"सांगायलाच आलो होतो. तुझ्या पहिल्या भाषणाला. म्हटलं, संपलं की बाजूला घेऊन सांगू." बाबा नखं चोळायला लागले; नखांच्या कडांत आता रंग नव्हता, पण सवय राहिली होती. "तू चष्मा काढलास आणि ते नाव नसलेल्या माणसांचं बोललास. सफाईच्या बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि खरं सांगू का, मला वाटलं तुला कुठून तरी कळलंय. मला वाटलं, हा माझ्याबद्दलच बोलतोय."

बुवाने बाबांच्या नखांकडे पाहिलं.

"मग शेवटी तू म्हणालास, माझे वडीलही पालिकेतच होते. तेव्हा समजलं, तुला काही ठाऊक नाही." बाबांनी हे रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. ते हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले.

बुवाला इतकी लाज वाटली, की भर उजेडात तोंड कुठे लपवावं ते कळेना. बायको दारातून म्हणाली, "आता चष्मा काढायचा नाही हं." पण तिनेच पाण्याचा पेला आणून त्याच्यासमोर ठेवला.

"दगडात दोनच काढायला सांग," बाबा म्हणाले. "पत्र्यावर खोटं चालतं, पत्रा गंजून जातो. दगडात नको. माझ्या डोक्यावरचं ओझं एकदाचं उतरू दे."

बाबा हे सांगून मोकळे झाले. अडचण बुवाची होती. दोन लाटा काढायच्या म्हणजे कारण द्यावं लागणार, कारण दिलं की पुस्तिका गेली, भाषणं गेली, फ्रेममधलं पान गेलं, आणि उरला नुसता बगळा. त्यातून मधली वाट अशी होती की "मूळ आराखड्यानुसार लाटा दोन" एवढंच लिहायचं आणि ओघळ कुणाचा ते गाळायचं. त्याने गुरुवारी सकाळी तसं लिहिलंही. वाचून पाहिलं. "माझे वडीलही पालिकेतच होते" याच जातीचं वाक्य होतं ते. त्याने कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"मूळ आराखड्यात लाटा दोन आहेत. तिसरी लाट वर्कशॉपमधील पेंटरने सत्तावन्न वर्षांपूर्वी, रंग ओघळल्यामुळे, काढली. सदर पेंटर माझे वडील होत. माझ्या पुस्तिकेत दिलेले सर्व अर्थ माझ्या मनाचे आहेत, त्यांस कोणताही आधार नाही. दगडात दोनच लाटा कोराव्यात." खाली बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, मग स्वतःचं, आणि सही केली.

मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं आणि ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "अहो, काढायला सोपा!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "भाषण दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"नको," बुवा म्हणाला. "मीच करतो. हात दाखवून अवलक्षण करायचंच आहे तर नीट करू."

उद्घाटनाला दरवाजावरचं कापड ओढलं. दगडात बगळा, किल्ली, दोन लाटा, सुरेख. बुवा उठला, माइकसमोर गेला आणि सवयीने चष्मा काढला. मग लक्षात आल्यावर घाईघाईने परत घातला, तो वाकडा बसला. त्याने सगळं सांगितलं. पेटी सांगितली, पायांसकट. टिपणं वाचून दाखवली. लोक पोट धरून हसले. बावीस वर्षांत त्याच्या भाषणाला इतकी दाद कधी मिळाली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "ती तिसरी लाट माझ्या वडिलांनी काढली. ते पेंटर होते. ते मागे शेवटच्या रांगेत बसले आहेत." सगळ्या माना मागे वळल्या. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, एवढंच. हसल्या नाहीत त्या फक्त सफाईच्या बायका. त्यांची मुकादमबाई हाताची घडी घालून दगडाकडे बघत उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच थांबली.

"नव्या ढकलगाड्या आल्यात," ती बुवाला म्हणाली. "दोन लाटांच्या. आमची कुठे गेली?"

बुवाने समजावलं. ओघळ, टर्पेंटाइन, मूळ आराखडा, सगळं पुन्हा.

"ते ऐकलं मी परवा. ओघळ तर ओघळ. बावीस वर्षं तुम्ही सांगत होता ना, ही तुमची म्हणून? आमच्या पोरींना आम्ही गाडीवर बोट ठेवून दाखवायचो. देताना तुम्हीच दिली, आता तुम्हीच काढून घेता?"

"बाई, पण ते माझ्या मनाचं होतं! त्याला आधार—"

"अरे," आतून बाबांचा आवाज आला, "माळ्यावरचा माझा ब्रश काढ."

"बाबा, मानचिन्हात फेरफार करता येत नाही. नियम आहे. मीच तर प्रमाणित केलंय."

"तू दगडाचं प्रमाणित केलंस. ब्रश काढ म्हटलं ना."

सफाई खात्याच्या आवारात वीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. मुकादमबाईने बाबांना बसायला उलटी बादली दिली. बाबांनी या वेळी टर्पेंटाइन मोजून घातलं, काडीने ढवळलं, काडीवरून रंग कसा उतरतो ते डोळे बारीक करून पाहिलं. साचा नव्हता. हात तर आता थरथरायचाच. चमचा तोंडापर्यंत नेताना सांडायचा. ब्रश पत्र्याला टेकला आणि हात थरथरत डावीकडून उजवीकडे गेला. लाट उमटली. बारीक, तिरकी, उंचवटे किती कोण जाणे. मुकादमबाई वाकून बघत राहिली.

"जमलीय का?" बाबांनी विचारलं.

"हीच आमची," ती म्हणाली.

बुवा शेजारी रंगाचा डबा धरून उभा होता. नगरपालिकेचा अभ्यासक, बत्तीस पानांचा लेखक, बापाच्या हाताखाली डबा धरायला पन्नाशीत पहिल्यांदाच उभा राहिलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दिसेनासं झालं, म्हणून त्याने चष्मा काढायला एक हात सोडला आणि डबा कलंडला.

"अरे, डबा नीट धर," बाबा मान वर न करता म्हणाले. "ओघळ आला तर परत पुस्तक लिहिशील."